लाइफ कोच व्हायचंय? आधी सल्ला गिळायला शिका

"तू किती छान समजावतेस गं!" हे वाक्य चारचौघांकडून ऐकलं की माणसाच्या डोक्यात लाइफ कोच व्हायचा विचार येतो. राजेंद्रनगर घ्या, लोकमान्यनगर घ्या, इंदुरातल्या प्रत्येक मराठी वस्तीत असे एक दादा किंवा एक काकू असतातच, ज्यांच्या ओट्यावर सगळ्यांची गाऱ्हाणी येतात. अडचण अशी की या कामात शिरल्यावर सगळ्यात आधी मोडावी लागते ती हीच समजावण्याची सवय. मूळ स्वभाव बोलका आणि मदतीला धावणारा असेल तर ती मोडायला जास्तच वेळ लागतो.

लाइफ कोच समोरच्या माणसाला त्याचं त्यालाच नीट बघायला लावतो, त्याच्याकडून ठरवून घेतो आणि ठरवलेलं तो करतोय की नाही याचा पाठपुरावा करतो. उत्तर देत नाही. या विचाराची एक मुळी टेनिसच्या मैदानात सापडते. टिमथी गॅलवे हा अमेरिकन टेनिस प्रशिक्षक 1970 च्या दशकात शिष्यांना मनगट कसं वळव, पाय कुठे ठेव हे सांगायचं सोडून एवढंच म्हणायचा: चेंडूनं टप्पा घेतला की 'बाउन्स' म्हण, रॅकेटला लागला की 'हिट' म्हण. सूचना कमी झाल्या, लक्ष चेंडूवर गेलं आणि खेळ सुधारला. आपल्याला शिकायचंय ते एवढंच, फक्त चेंडूच्या जागी माणसाचं आयुष्य असल्यामुळे तोंड बंद ठेवणं फार कठीण जातं.

आधी आपली हद्द आखून घ्या

भारतात लाइफ कोच म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही. उद्या सकाळी दारावर पाटी लावलीत तर कोणी अडवणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं तसं नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. मानसोपचारतज्ज्ञ तर डॉक्टरच असतो. आपल्यावर कायद्याचं कुंपण नाही म्हणून ते आपणच घालायचं.

कुंपण कुठे? ज्याची झोप-भूक दोनेक आठवडे उडाली आहे, जो "जगून काय करायचं" असं बोलतो, ज्याचं व्यसन हाताबाहेर गेलंय, जिला घरात मार खावा लागतो, अशी माणसं कोचकडे थांबता कामा नयेत. पहिल्या क्लायंटच्याही आधी एका कागदावर तीन-चार पत्ते लिहून ठेवा: ओळखीचा एखादा मानसोपचारतज्ज्ञ, एखादी समुपदेशक, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय. त्यात 'टेली मानस'चा 14416 हा नंबर घाला. ही केंद्र सरकारची मोफत, चोवीस तास चालणारी सेवा आहे, 2022 पासून सुरू आहे. हा कागद हाताशी नसेल तर ऐन वेळी तुम्ही "सगळं ठीक होईल" म्हणून मोकळे व्हाल, आणि त्या माणसाला त्या क्षणी त्या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो.

पाठवायचं कसं, तेही आधी मोठ्यानं म्हणून बघा. "हे माझ्या आवाक्यातलं नाही, पण ज्यांच्या आवाक्यातलं आहे त्यांचा नंबर आत्ता देते, आणि तुम्ही फोन लावेपर्यंत इथेच बसते." इतकं साधं पुरतं. वेडं ठरवल्याची भावना आपल्याकडे पटकन येते, म्हणून आवाज नेहमीचाच ठेवा.

कान तयार करा

कोर्सला पैसे भरण्याआधी महिनाभर हे घरीच करता येतं. रोज एका माणसाशी पंधरा-वीस मिनिटं बोला आणि स्वतःला एकच बंधन घाला: "माझ्या बाबतीत पण असंच झालं होतं" हे वाक्य निघता कामा नये. खिशात छोटी वही ठेवा. जिभेवर आलेला प्रत्येक सल्ला गिळलात की बोलणं संपल्यावर एक रेघ मारा. पहिल्या आठवड्यात रेघांचं जंगल होतं, आणि त्यातल्या निम्म्या रेघा समोरच्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच्या असतात.

दुसरा सराव रेकॉर्डिंगचा. समोरच्याची परवानगी घेऊन मोबाइलवर वीस मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि नंतर ऐका. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, वाटू द्या. मिनिटं मोजा. तुमचं बोलणं पाव हिश्शाहून जास्त निघालं तर तुम्ही अजून समजावताय असं धरून चाला. हा माझा ढोबळ हिशेब आहे, पण शिकाऊ माणसाला कामाला येतो.

तिसरा सराव शब्दांचा. समोरचा म्हणाला "अडकल्यासारखं झालंय", तर "म्हणजे डिप्रेशन आलंय का?" असं म्हणू नका. त्याचाच शब्द त्याला परत द्या: "अडकल्यासारखं... कुठे?" आपण शब्द बदलला की तो माणूस सभ्यपणे आपला शब्द घेऊन पुढे जातो, आणि त्याचं खरं म्हणणं मागेच राहतं.

इंदूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. आपण घरी मराठी, बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी-हिंदीची मिसळ असं जगतो. क्लायंटही तसाच बोलणार. पगार आणि बॉसबद्दल हिंदीत फर्राटेदार बोलणारा माणूस आईचा विषय निघाला की मराठीत उतरतो, किंवा उलट, घरातलं भांडण सांगताना मुद्दाम हिंदीत शिरतो, कारण मराठीत ते जास्त बोचतं. भाषा जिथे बदलली तिथे कान टवकारा. तो ज्या भाषेत गेला त्याच भाषेत पुढचा प्रश्न विचारा. "मराठीत बोला ना" असा आग्रह इथे नको. तो साहित्य सभेत करू.

प्रश्न विचारणं

नवखे कोच प्रश्नांच्या याद्या पाठ करतात. 'पन्नास प्रभावी प्रश्न' अशा पीडीएफ व्हॉट्सॅपवर फिरत असतात. त्यातला एखादा प्रश्न चांगला असतोही, पण पुढचा प्रश्न यादीतून काढला की तुम्ही ऐकणं थांबवलेलं असतं. चांगला प्रश्न समोरच्याच्या शेवटच्या वाक्यातून निघतो.

एक कल्पित प्रसंग घेऊ. तिशीतला मुलगा आहे, पुण्याच्या आयटी कंपनीत. गेली काही वर्षं इंदुरातून घरूनच काम करत होता. आता कंपनीनं ऑफिसला या म्हणून मेल पाठवलाय. घरी आई-बाबा, बाबांचे गुडघे गेलेले. तो म्हणतो, "दादा, तुम्हीच सांगा, जाऊ का नको?"

नवखा कोच लगेच म्हणतो, "अरे, इंदुरातच का बघत नाहीस? सुपर कॉरिडॉरला टीसीएस आहे, इन्फोसिस आहे." हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला झाला. मुलाला टीसीएस माहीत नाही असं थोडंच आहे?

आता दुसऱ्या वाटेनं जाऊन बघा.

"तुझं मन आत्ता कुठे झुकतंय?"

"माहीत नाही. म्हणजे टीम सगळी तिकडे आहे. प्रमोशनपण तिकडेच होणार."

"बरं. आणखी?"

"आणखी काय, बाबांचं बघायला हवं ना."

"बाबा काय म्हणाले?"

"बाबा म्हणाले, जा. आई काहीच बोलत नाही."

इथे थांबायचं. प्रश्न नाही, मान डोलावणं नाही, "हं हं" सुद्धा नाही. दहा सेकंद फार लांब वाटतात, वाटू द्या.

"ती म्हणणार पण नाही काही. संध्याकाळी माझा कॉल संपायच्या आधी चहा टाकते आणि दारात येऊन बघून जाते, बस."

"आईशी काय बोलायचं राहिलंय?"

सुरुवातीला प्रश्न होता 'जाऊ का नको'. आता तो आईशी बोलण्यावर आला, आणि तो आणला त्या मुलानंच. कोचनं फक्त "आई काहीच बोलत नाही" हे वाक्य वाऱ्यावर जाऊ दिलं नाही. कदाचित आईशी बोलून तो पुण्याला जाईल, कदाचित थांबेल. आपल्याला त्यात मत असता कामा नये. मत असतंच, माणूस आहोत. पण चेहऱ्यावर दिसलं की संपलं. मग तो तुम्हाला बरं वाटेल ते उत्तर देतो.

'का'नं सुरू होणारे प्रश्न शक्यतो टाळा. "का नाही बोललास आईशी?" यात रागावल्याचा सूर येतो आणि माणूस सफाई द्यायला लागतो. "बोलायला गेलास की काय होतं?" असं विचारलं तर तो आठवून सांगतो. काय, कसं, कधी, कोण, एवढ्यांवर बहुतेक काम भागतं. आणि एका वेळी एकच प्रश्न. तीन प्रश्न एकत्र विचारले तर समोरचा त्यातला सगळ्यात सोपा उचलतो.

वयाचाही एक गुंता आहे. तुम्ही तिशीतल्या आणि समोर बँकेतून निवृत्त झालेले काका बसलेत. ते तुम्हाला "बाळ" म्हणणार आणि पाचव्या मिनिटाला तेच तुम्हाला नोकरीबद्दल सल्ला द्यायला लागणार. त्यांना काकाच म्हणा, तुम्हीच म्हणा, पण पहिल्याच भेटीत हसून सांगून टाका: "काका, या तासात मी मध्ये थांबवीन, खोचक विचारीन. चालेल ना?" "हो, विचार की" असं एकदा त्यांच्या तोंडून आलं की पुढे थांबवताना अवघडल्यासारखं होत नाही.

तासाचा सांगाडा

सुरुवातीला एक ठरलेला आराखडा लागतो. सगळ्यात रुळलेला म्हणजे 'ग्रो' (GROW). 1980 च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन व्हिटमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घडवला. हे व्हिटमोर आधी मोटार-शर्यतीतले चालक. त्याच्या चार अक्षरांचे चार टप्पे: ध्येय (गोल), सध्याची स्थिती (रिअॅलिटी), पर्याय (ऑप्शन्स), निश्चय (विल).

नवख्यांची घाई पर्यायांवर पोचायची असते. मी म्हणेन, पहिल्या टप्प्यालाच दहा मिनिटं द्या. "आज तासाभरानं उठताना हातात काय असलं तर येणं सार्थकी लागेल?" हे नीट ठरलं नाही तर बाकीचे पन्नास मिनिटं गप्पा होतात; छान गप्पा होतात, पण पैसे गप्पांचे घ्यायचे नसतात. निश्चयाच्या टप्प्यावर "प्रयत्न करतो" हे उत्तर स्वीकारू नका. कोणत्या दिवशी, किती वाजता, झालं की कोणाला कळवणार, इतकं क्लायंटच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही सुचवलेली वार-वेळ तो पाळत नाही.

कोर्स आणि प्रमाणपत्र

मोबाइलवर 'दोन दिवसांत सर्टिफाइड लाइफ कोच' अशा जाहिराती दिसतील. दोन दिवसांत प्रमाणपत्राचा कागद मिळतो, कान तयार होत नाहीत. त्यातून तुम्हाला पुढचा, त्याहून महाग कोर्स विकला जाईल हेही गृहीत धरा.

जगभर ज्याला वजन आहे ते प्रमाणपत्र 'इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन' या संस्थेचं, थोडक्यात आयसीएफ. 1995 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेली. तिच्या प्रमाणपत्राच्या तीन पातळ्या आहेत: एसीसी (असोसिएट), पीसीसी (प्रोफेशनल), एमसीसी (मास्टर). आपल्याला पहिलीशीच मतलब आहे. एसीसीसाठी किमान 60 तासांचं प्रशिक्षण, 100 तास प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव (त्यातले निदान 75 तास पैसे घेऊन केलेले), अनुभवी कोचकडून 10 तासांचं मेंटॉर कोचिंग (म्हणजे तुमच्या कोचिंगवर अभिप्राय आणि मार्गदर्शन), तेही किमान तीन महिन्यांवर पसरलेलं, आणि शेवटी परीक्षा. पीसीसीसाठी प्रशिक्षण 125 तास आणि अनुभव 500 तास. एमसीसीला अनुभव 2500 तासांवर जातो, म्हणजे ती वर्षानुवर्षांची गोष्ट. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं, मग नूतनीकरण करावं लागतं. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज करताना संस्थेच्या संकेतस्थळावर ताजे बघून घ्या.

त्या आकड्यांकडे नीट बघितलंत तर कळेल की वर्गातल्या तासांपेक्षा माणसांसमोर बसण्याचे तास जास्त आहेत. कोर्स निवडताना हेच धरून चला. मान्यता आहे असं संस्थेनं सांगितलं तर आयसीएफच्या यादीत स्वतः शोधा. 'लेव्हल 1' (एसीसीच्या वाटेवरची) किंवा 'लेव्हल 2' (पीसीसीच्या वाटेवरची) मान्यता दिसली पाहिजे. मग फोन करून विचारा: साठातले किती तास समोरासमोर किंवा थेट ऑनलाइन, आणि किती नुसते व्हिडिओ? मेंटॉर कोचिंग फीमध्ये धरलंय की वेगळं? माझं रेकॉर्डिंग ऐकून लेखी अभिप्राय कोण देणार? सराव हिंदी-मराठीत करता येतो का? शेवटच्या प्रश्नावर जी संस्था गडबडते तिचं शिक्षण इंदुरात उतरवताना तुमची दमछाक होईल. फी पाच आकड्यांपासून लाखांच्या पुढे जाते. बहुतेक कोर्स ऑनलाइन आणि संध्याकाळी असतात, नोकरी सांभाळून होतात.

कोर्सला बसण्याआधी चार-पाच सेशन्स स्वतः क्लायंट म्हणून घ्या. खुर्चीच्या त्या बाजूला शांतता कशी वाटते हे कळल्याशिवाय या बाजूनं शांत बसता येत नाही.

शंभर तास आणायचे कुठून

कोर्समधल्या सोबत्यांशी अदलाबदलीनं सराव सुरू करा. नातेवाइकांवर सराव नको. बायको, दीर, आतेबहीण, कोणीच नको; तिथे तुमचं मत आधीच ठरलेलं असतं आणि त्यांनाही ते माहीत असतं.

मग थोडी फी लावा. आयसीएफच्या लेखी 'पैसे घेऊन' म्हणजे रक्कम कितीही चालते, त्यामुळे दोनशे-तीनशे रुपयांनी सुरुवात करायला हरकत नाही. अगदी फुकट दिलंत तर माणूस वेळ पाळत नाही. क्लायंटचं नाव, संपर्क, तारखा, तास, पैसे घेतले की नाही, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा आणि ही नोंद ठेवतोय हे त्याला सांगून त्याची संमती घ्या.

भंवरकुआं या कोचिंग क्लासेसच्या भागात पीएससी आणि इतर परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली ढिगानं आहेत, आणि त्यांना ऐकून घेणारं माणूस हवं असतं. 'कोच' म्हटलं की आधी "कौन सा सब्जेक्ट?" असंच विचारतील, त्यामुळे कार्डावर काय करता ते एका ओळीत हिंदीतही लिहा. अठराच्या खालचं कोणी असेल तर पालकांची लेखी परवानगी हवीच. आणि परीक्षेच्या ताणाखाली खोल काही दिसलं तर वरचा तो पत्त्यांचा कागद काढा.

जागेचं म्हणाल तर छप्पन दुकानचा कॅफे नको. तिथे शेजारच्या टेबलावर ओळखीचं कोणी नसेल असा दिवस उगवत नाही. ज्या घरात पुढच्या खोलीत सासूबाईंची मालिका चालू असते तिथेही जमत नाही. दार बंद होणारी खोली, नाहीतर हेडफोन लावून ऑनलाइन.

आपला मराठी समाज इथे एवढासा. 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात क्लायंट आपल्या आईसोबत समोर येणार, आणि आई विचारणार, "ह्या कोण रे?" म्हणून पहिल्या भेटीतच ठरवा: बाहेर भेटलो तर ओळख दाखवायची का, दाखवली तर काय सांगायचं. मी क्लायंटवर सोडते. तो हसला तर मी हसते. हे न ठरवता काम सुरू केलेल्यांकडून बातम्या फुटतात, आणि एकदा फुटली की अख्ख्या राजेंद्रनगरात तुमचं दुकान बंद.

कागद आणि पैसा

पहिल्या भेटीत एक पानी करार करा. किती सेशन्स, किती वेळाची, फी, रद्द करायचं असेल तर किती तास आधी कळवायचं, काय गुप्त राहील आणि कधी राहणार नाही (जिवाला धोका असेल तेव्हा), आणि हे कोचिंग आहे, उपचार नाहीत. मराठीत किंवा हिंदीत लिहा, क्लायंटला कळेल असं.

उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी) ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण बाहेरच्या ऑनलाइन मंचावरून काम घेणार असाल तर सीएला आधी विचारा. "सहा सेशनमध्ये आयुष्य बदला" असलं काही जाहिरातीत लिहू नका. "लग्न जमवून देतो"च्या पंगतीत जाऊन बसाल.

नोकरी लगेच सोडू नका. पहिल्या वर्षात या कामावर घर चालेल अशी आशा धरली की क्लायंटला गरज नसताना पुढची सेशन्स विकायचा मोह होतो. म्हणूनच सुरुवातीला सहा सेशन्सची मुदत आधीच ठरवा. सहाव्याला विचारा, "काय ठरवलं होतं, त्यातलं काय झालं, आणि आता माझी गरज आहे का?" "नाही" असं उत्तर आलं तर पावती द्या, नोंदवहीत तास लिहा आणि त्याची परवानगी असेल तर एका सेशनचं रेकॉर्डिंग मेंटॉरकडे पाठवा.